वाचकांचे प्रश्न : ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ची बलस्थाने आणि उणिवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत गोष्ट रंगवण्याच्या खेळाच्या छापील ॲडव्हेंचरविषयी, म्हणजे तयार साहसकथांविषयी, मराठवाड्यातून आलेली बहुतेक पत्रे या वेळी ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ या एकाच पुस्तकाबद्दल आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. ज्यांना हे साहस खेळाडू म्हणून खेळायचे आहे त्यांनी पुढचा मजकूर वाचू नये, कारण त्यात कथेतली सगळी गुपिते उघड होतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या भावाने त्याच्याकडची जुनी स्टार्टर सेटची पेटी मला दिली. वसतिगृहातले आम्ही पाच जण खेळायला बसणार आहोत, पण आमच्यापैकी कोणीच हा खेळ आधी खेळलेला नाही आणि डंजन मास्टरचे, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याचे, काम माझ्याकडे आले आहे. पुस्तक चाळले तेव्हा काही प्रसंग अगदी तपशीलवार दिसले, तर काही ठिकाणी दोन-तीन परिच्छेदांतच विषय आटोपलेला दिसला. हे साहस नवख्याने चालवण्याजोगे आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : निश्चित आहे, आणि आपल्या नजरेला जो असमतोल आला तोच या पुस्तकाचा मुख्य दोष आहे. विझार्ड्स ऑफ द कोस्टने २०१४ साली खेळाच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ही पेटी काढली. तिच्यात ३२ पानांची नियमपुस्तिका, ६४ पानांचे हे ॲडव्हेंचर, पाच तयार कॅरेक्टर शीट (खेळाडूच्या पात्राची माहितीपत्रके) आणि फाशांचा एक संच होता. रिचर्ड बेकर आणि ख्रिस पर्किन्स यांनी लिहिलेले हे साहस चार भागांत खेळाडूंना पहिल्या लेव्हलपासून (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी) पाचव्या लेव्हलपर्यंत नेते. आमचे मत असे आहे की पहिल्या दोन भागांत हे पुस्तक डंजन मास्टरला हाताला धरून शिकवते आणि तिसऱ्या भागात, म्हणजे नवख्याला आधाराची सर्वांत जास्त गरज असते तिथेच, त्याचा हात सोडते.

पहिला भाग किती विचारपूर्वक रचला आहे ते पाहा. गंड्रन रॉकसीकर या ड्वार्फने नेव्हरविंटर शहरातून फॅन्डालिन गावापर्यंत सामानाची गाडी पोहोचवण्याचे काम खेळाडूंना दिलेले असते आणि तो स्वतः सिल्डर हॉलविंटर या सोबत्याला घेऊन पुढे निघून गेलेला असतो. वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेले दिसतात आणि बाजूच्या झुडपांत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. लढाईनंतर त्यांचा माग काढत खेळाडू एका गुहेपाशी पोहोचतात, जिच्या तोंडातून ओढा वाहत येतो. आत गॉब्लिनांनी पाणी अडवून ठेवलेले आहे, आणि पुलावरच्या पहारेकऱ्याला चाहूल लागली की तो इशारा करतो व अडवलेले पाणी सोडले जाते. ओढ्याच्या पात्रातून बिनधास्त चालत निघालेले खेळाडू लोंढ्याबरोबर बाहेर फेकले जातात. या एका सापळ्यातून खेळाडूंना कळते की गुहेतली जागा हीसुद्धा शत्रूच्या हातातले हत्यार असते, आणि डंजन मास्टरला कळते की त्याने केलेले वर्णन खेळाडूंच्या कामी यायला हवे. पुलाचा आणि वाहत्या पाण्याचा उल्लेख त्याने आधी नीट केलेला असेल तरच लोंढा आल्यावर कोणाला अन्याय झाल्यासारखे वाटत नाही.

याच गुहेत यीमिक नावाचा गॉब्लिन सिल्डरला ओलीस धरून बसलेला आहे. तो खेळाडूंपुढे सौदा ठेवतो की आमचा म्होरक्या क्लार्ग याला मारा, त्याचे डोके आणा आणि तुमचा माणूस घेऊन जा. लढावे, बोलणी करावी की फसवावे, हे ठरवताना टेबलावर जी चर्चा होते ती खेळाच्या पहिल्याच बैठकीत घडवून आणणे ही लेखकांची मोठी कामगिरी आहे. ज्याला ‘राक्षस’ म्हणून मारायला निघालो त्यालाही स्वतःचे हेवेदावे आहेत, ही गोष्ट नव्या खेळाडूंना इथे समजते आणि मग ती त्यांच्या डोक्यातून जात नाही.

नकाशांचाही उल्लेख करायलाच हवा. माइक श्ले यांनी काढलेले हे नकाशे नुसते देखणे नाहीत. गुहेत वर-खाली जाण्याच्या वाटा, लांडग्यांच्या गोठ्यातून थेट क्लार्गच्या दालनात उघडणारी धुराड्यासारखी अरुंद उभी वाट, हे सर्व त्यांत स्पष्ट दिसते आणि डंजन मास्टरला पाने उलटत बसावे लागत नाही.

आपल्या टेबलासाठी एक सूचना. चौकटीतला मजकूर खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी दिलेला आहे आणि तो इंग्रजीत आहे. तो जसाच्या तसा वाचला की ऐकणाऱ्यांचे लक्ष उडते. आदल्या दिवशी तो समजून घ्या आणि खेळताना आपल्या मराठीत, आपल्या बोलण्याच्या ढंगात सांगा. लातूरच्या मुलांना लातूरच्या बोलीतला गॉब्लिन जास्त जिवंत वाटेल, याबद्दल आम्हाला शंका नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. सुट्टीत घरी जमलेल्या भाचरांना घेऊन मी हे साहस सुरू केले. चार मुले, चार कॅरेक्टर. घोड्यांजवळच्या पहिल्याच लढाईत माझ्या भाच्याचा विझार्ड (जादूगार) एका बाणात गेला आणि थोड्या वेळाने बाकीचेही गेले. मुले इतकी हिरमुसली की पुन्हा खेळायचे नाव काढत नाहीत. चूक पुस्तकाची की माझी?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : ताई, चूक मोठ्या प्रमाणात पुस्तकाची आहे, आणि ते आकड्यांवरूनच दाखवता येते. २०१४ च्या नियमांत लढाईची काठिण्यपातळी मोजण्याची रीत दिलेली आहे. एका गॉब्लिनचे ५० अनुभवगुण, चौघांचे २००, आणि शत्रू तीन ते सहा असले तर त्याची दुप्पट धरायची म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चार कॅरेक्टरसाठी नेमक्या ४०० या आकड्यापासून लढाई ‘प्राणघातक’ वर्गात मोडते. म्हणजे आपल्या चार मुलांच्या आयुष्यातली पहिलीवहिली लढाई खेळाच्या स्वतःच्या मोजमापानुसार सर्वांत कठीण श्रेणीची होती, तीही दबा धरून बसलेल्या शत्रूशी. पाच कॅरेक्टर असते तर हीच लढाई एक श्रेणी खाली आली असती. हे साहस चार ते पाच कॅरेक्टरसाठी आहे असे सांगताना चार आणि पाच यांत केवढा फरक पडतो, हे पुस्तकाने ठळकपणे सांगायला हवे होते.

आता भाच्याच्या विझार्डकडे येऊ. पेटीतल्या तयार विझार्डचा बचावाचा आकडा १२ आणि हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसता येते तो आकडा, ८ आहेत. गॉब्लिनला वीस बाजूंच्या फाशावर ४ मिळवायचे असतात, म्हणजे ८ किंवा त्याहून जास्त पडले की बाण लागतो. वीसपैकी तेरा वेळा असे होणार. बाणाने ३ ते ८ इतकी इजा होते, त्यामुळे एका बाणात विझार्ड कोसळणे अगदी शक्य आहे. कोसळणे आणि मरणे यांत मात्र अंतर आहे. शून्यावर आलेले कॅरेक्टर बेशुद्ध पडते आणि पुढच्या प्रत्येक पाळीला फासा टाकते. १० किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश, आणि तीन अपयशे जमेपर्यंत ते मरत नाही. जागीच मृत्यू येण्यासाठी शून्याखाली उरलेली इजा कॅरेक्टरच्या पूर्ण हिट पॉइंटइतकी असावी लागते. फाशावर २० पडून बाण वर्मी लागला तरी गॉब्लिनची जास्तीत जास्त इजा १४ होते. त्यातले ८ गेले की ६ उरतात, आणि ते पुरेसे नाहीत. पूर्ण दमात असलेला हा विझार्ड त्या बाणाने मरूच शकत नव्हता, तो फक्त निपचित पडला होता.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सर्व जण हरले तर काय करायचे, हे पुस्तकातच लिहिलेले आहे. गॉब्लिन त्यांना बेशुद्ध अवस्थेत सोडून देतात, गाडी लुटतात आणि लूट घेऊन गुहेकडे जातात. कथा तिथे संपत नाही, उलट खेळाडूंना माग काढण्याचे आणखी एक कारण मिळते. ही तरतूद म्हणजे या साहसाचा एक फार चांगला गुण आहे, पण ती लढाईच्या धांदलीत डोळ्यांखालून निसटेल अशा जागी ठेवली आहे. आपल्या मुलांची कॅरेक्टर जिवंत आहेत, ताई. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा : रस्त्याच्या कडेला शुद्ध आली, गाडी गायब आहे आणि चिखलात पावले उमटलेली आहेत. हवे तर गुहेत जाण्याआधी सर्वांना दुसरी लेव्हल द्या. क्लार्ग हा बगबेअर, म्हणजे गॉब्लिनांचाच थोराड जातभाई, आहे आणि त्याच्या एका तडाख्याची सरासरी इजा ११ असते. मुलांच्या अंगात तेवढे बळ आधीच आलेले बरे.

प्रश्न : आमच्या गटाने फॅन्डालिनपर्यंत फार आनंदाने खेळ केला. गावातली माणसे, रेडब्रँड गुंड, वाड्याखालचे तळघर, सगळेच आवडले. पण त्यानंतर काय करायचे हे कोणालाच कळेना. मुले थंडरट्रीच्या उजाड गावात गेली आणि तिथल्या ड्रॅगनने एका श्वासात सर्वांना आडवे केले. हा भाग असाच आहे की आम्ही चुकीच्या वाटेने गेलो?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपण चुकीच्या वाटेने गेला नाहीत. मुळात त्या भागात ठरलेली एक वाट नाहीच, आणि तेच त्याचे सामर्थ्यही आहे व दुखणेही.

फॅन्डालिन हे या साहसाचे सर्वोत्तम अंग आहे. चाळीस-पन्नास लाकडी घरांचे हे गाव, पण तिथे ज्याच्याशी बोलावे त्याच्याकडे काही ना काही असते. शेतकरीण बाईंचा मुलगा कार्प याने रानात खेळताना गुंडांच्या तळघराचे गुप्त तोंड पाहिलेले आहे, त्यामुळे लहान मुलाशी आपुलकीने बोलणाऱ्या खेळाडूला मागच्या दाराने आत जाता येते. खाणकामगारांच्या पेढीवरच्या हलिया थॉर्नटन गुंडांच्या म्होरक्याचा काटा काढण्यासाठी पैसे देऊ करतात, आणि त्यामागे गुंडांची सत्ता स्वतःच्या हातात घेण्याचा त्यांचा डाव असतो. सुटका झालेला सिल्डर आपला हरवलेला सहकारी आयार्नो याला शोधायला सांगतो, आणि तळघराच्या शेवटच्या दालनात कळते की गुंडांचा म्होरक्या तोच आहे. उपकाराच्या भावनेने स्वीकारलेल्या कामाचा शेवट असा विश्वासघातात होतो तेव्हा टेबलावर जी शांतता पसरते, तिच्यासाठी हा खेळ खेळावा. तळघरातल्या भेगेपाशी राहणारा एक डोळ्याचा नॉथिक हा प्राणीही असाच. तो मनातल्या मनात बोलतो, खेळाडूंची गुपिते ओळखतो, आणि त्याला खायला घातले तर सौदा करतो. तलवार न उपसता पार पडू शकणारा असा प्रसंग नवख्यांच्या पुस्तकात ठेवल्याबद्दल लेखकांचे कौतुकच करायला हवे.

तिसऱ्या भागात मात्र नकाशावर पाच ठिकाणे मोकळी सोडलेली आहेत : जुनी विहीर, ऑर्कांची टेकडी, ॲगाथा या बॅन्शीचे (स्त्रीच्या भुताचे) घर, थंडरट्री आणि क्रॅगमॉ किल्ला. कथेला आवश्यक असलेला पत्ता किल्ल्याचा आहे, कारण गंड्रनला तिथे कोंडलेले आहे. तो पत्ता एकाहून अधिक जणांकडून मिळू शकतो, ही चांगली योजना आहे. एक माणूस मेला किंवा भेटलाच नाही म्हणून कथा अडून राहत नाही. पण कोणते ठिकाण कोणत्या ताकदीच्या खेळाडूंना झेपेल याचा अंदाज खेळाडूंना कथेच्या आतून यायला हवा होता, आणि थंडरट्रीत तो येत नाही. गावाच्या वेशीवर धोक्याची पाटी लावलेली आहे, तिच्यावर झाडांच्या रूपातल्या राक्षसांचा आणि चालत्या प्रेतांचा उल्लेख आहे. ड्रॅगनचा नाही!

व्हेनमफँग हा तरुण हिरवा ड्रॅगन आहे. त्याला १३६ हिट पॉइंट आहेत आणि त्याच्या विषारी श्वासाची इजा सहा बाजूंच्या बारा फाशांची, म्हणजे सरासरी ४२ आहे. तिसऱ्या लेव्हलच्या धडधाकट फायटरकडे (लढवय्याकडे) २८ च्या आसपास हिट पॉइंट असतात. श्वास चुकवण्याचा फासा नीट पडला तर इजा निम्मी, म्हणजे सरासरी २१ होते. फायटर कसाबसा उभा राहतो, पण २० हिट पॉइंटचा विझार्ड तेव्हाही कोसळतो. आपल्या मुलांनी काही वेडेपणा केला नाही, त्यांच्याकडे निर्णय घेण्यापुरती माहितीच नव्हती.

यावर उपाय सोपा आहे. त्या उजाड गावात रेडॉथ नावाचा वृद्ध ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) राहतो. ड्रॅगनच्या मनोऱ्याकडे जाण्याआधी खेळाडूंची त्याच्याशी गाठ घालून द्या आणि त्याच्या तोंडून ड्रॅगनची माहिती येऊ द्या. शिवाय जाताना वाटेत हिरवट धुक्याने मेलेली जनावरे दाखवा. निम्मी ताकद संपली की व्हेनमफँग मनोऱ्याच्या माथ्यावरून उडून जातो, असे पुस्तकात आहे. त्याला हुसकावून लावणे हाच विजय, हे खेळाडूंना आधी कळले तर तोच प्रसंग संपूर्ण साहसातला सर्वांत लक्षात राहणारा ठरतो. हे पुस्तक ज्यांना ज्यांना आवडते, ते बहुधा याच ड्रॅगनबद्दल बोलत असतात.

प्रश्न : शेवटी ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो ब्लॅक स्पायडर आमच्या खेळाडूंनी दोन फेऱ्यांत संपवला. सर्वांचा विरस झाला. खलनायक एवढा दुबळा का ठेवला असेल?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : या खलनायकाचे, म्हणजे नेझनार या ड्राऊचे (भूमिगत एल्फ वंशातल्या पात्राचे), हिट पॉइंट अवघे २७ आहेत. पहिल्या गुहेतल्या क्लार्गचेही तेवढेच आहेत. चौथ्या लेव्हलचे चार खेळाडू एका फेरीत २५ ते ३० इजा सहज करतात, तेव्हा आपल्याकडे जे घडले ते अनेक टेबलांवर घडत असणार. त्याच्याजवळ मंत्र आहेत, राक्षसी कोळी आहेत, पण त्याला पहिली चाल मिळाली नाही तर हे सर्व वापरायचे राहूनच जाते.

तरीही आमच्या मते हिट पॉइंट ही त्याची दुय्यम अडचण आहे. खरी अडचण अशी की खेळाडूंनी त्याला शेवटच्या दालनापर्यंत कधी पाहिलेलेच नसते. आयार्नोच्या खोलीत त्याचे एक पत्र सापडते, काही कैदी त्याचे नाव घेतात, आणि एवढ्यावर त्याच्याबद्दल राग निर्माण व्हावा अशी पुस्तकाची अपेक्षा आहे. गंड्रनचेही तसेच. ज्याला सोडवण्यासाठी ही सारी धडपड, तो खेळाडूंना सुरुवातीच्या निवेदनात फक्त ओझरता भेटतो.

त्यामुळे नव्याने चालवणाऱ्यांना आमचा आग्रह आहे की गाडी निघण्याआधी नेव्हरविंटरमधल्या खानावळीतला एक प्रसंग अवश्य खेळून घ्यावा. गंड्रनला आपल्या दोन भावांबद्दल, थार्डन आणि नंड्रोबद्दल, भरभरून बोलू द्यावे. शेवटच्या गुहेत थार्डनचे प्रेत सापडते तेव्हा त्या बोलण्याची किंमत कळते. नेझनारसाठी लागणारे साधन पुस्तकात आधीच आहे. त्याच्या पदरी रूप बदलणारे डॉपलगँगर आहेत, परंतु पुस्तक त्यांना किल्ल्यात आणि गुहेतच वापरते. त्यांतल्या एकाला फॅन्डालिनमध्ये आणा. खेळाडूंच्या विश्वासातल्या एखाद्या गावकऱ्याचे रूप घेऊन तो त्यांच्यात बसू-उठू लागला आणि त्यांच्या योजना नेझनारला कळू लागल्या, की शत्रूला चेहरा नसला तरी हात असल्याचे जाणवते. अखेरच्या लढाईत नेझनारला पहिल्या फेरीत अदृश्य असू द्या, कोळ्यांना वरच्या अंधारातून उतरू द्या, आणि कैदेतल्या नंड्रोच्या जिवाचा सौदा त्याला करू द्या. हिट पॉइंट वाढवायचेच तर दुप्पट करा, त्याहून जास्त नको, नाहीतर लढाई लांबते आणि रंगत नाही.

वेव्ह इको केव्ह या शेवटच्या गुहेबद्दल, म्हणजे शीर्षकातल्या हरवलेल्या खाणीबद्दल, मात्र आमची तक्रार नाही. लांबून येणारा लाटांचा आवाज ठरावीक वेळाने संपूर्ण खाणीत घुमत राहतो, ही कल्पना डंजन मास्टरला आयती मिळालेली आहे. टेबलावर हात आपटून तो आवाज काढत राहिले तर खेळाडू थोड्याच वेळात कुजबुजत बोलू लागतात.

प्रश्न : हीच कथा आपल्या भागात घडवता येईल का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : येईल, आणि फारसे काही बदलावे लागणार नाही. नियम आणि आकडे तसेच ठेवा, जागांचे वर्णन आपल्या पाहण्यातले करा. आपल्याच गावच्या हत्तीखाना लेण्यात एकदा संध्याकाळी उभे राहून पाहा, क्लार्गचे दालन कसे सांगायचे ते आपोआप सुचेल. पाणी अडवून सोडण्याच्या सापळ्यासाठी नळदुर्ग किल्ल्यातला बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल डोळ्यांसमोर आणा. क्रॅगमॉ किल्ल्याची रचना पुस्तकात जरा सपक आहे, मोडक्या भिंती आणि एकामागून एक दालने. तिथे देवगिरीची अंधारी वापरावी असे आम्ही सुचवू. खडकात कोरलेला खंदक ओलांडल्यावर लागणारा तो वळणावळणाचा काळोखा मार्ग आणि आत शिरलेल्या शत्रूला धुराने कोंडण्याची तिथली सोय यांच्यापुढे गॉब्लिनांचा किल्ला फिका पडतो. फक्त गढीत राहणाऱ्या किंवा एखाद्या विशिष्ट समाजाच्या माणसांना गॉब्लिनांच्या जागी बसवू नका. गॉब्लिन गॉब्लिनच राहू द्यावेत.

प्रश्न : २०२३ चे विस्तारित पुस्तक घ्यावे की जुनीच पेटी शोधावी?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : २०२३ चे ‘फॅन्डेल्व्हर अँड बिलो : द शॅटर्ड ऑबेलिस्क’ हे पुस्तक याच कथेला पुढे बाराव्या लेव्हलपर्यंत नेते. त्याच्या उत्तरार्धात माइंड फ्लेअर (मेंदू खाणारे राक्षस) आणि परक्या मितीतली भयकथा येते. पूर्वार्धातल्या साध्या, मातीतल्या गोष्टीशी तिचा सांधा नीट जुळत नाही असे आम्हाला वाटते. दीर्घकाळ एकत्र खेळणारा गट असेल तर ते घ्या. प्रथमच खेळणार असाल तर जुन्या पेटीतले ६४ पानी पुस्तक पुरेसे आहे. ती पेटी मिळाली नाही तर २०२२ च्या स्टार्टर सेटमधले ‘ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल’ घ्या. ते तिसऱ्या लेव्हलपर्यंतच जाते, फॅन्डालिनसारखे गाव त्यात नाही, पण पहिल्याच लढाईत सर्व कॅरेक्टर आडवी होण्याची भीती बरीच कमी आहे.